खाली बसायला मनाई

माझ्या उजव्या खुब्यात स्टीलचा गोळा आहे. हे मी लोकांना पहिल्या भेटीतच सांगून टाकते. नाही सांगितलं तर ते माझ्या चालण्याकडे बघत बसतात आणि मला त्यांच्या बघण्याचा राग येतो. सांगितलं की प्रश्न सुरू होतात. वाजतो का? नाही वाजत. थंडीत गार पडतो का? नाही पडत. चुंबक चिकटतो का? हे विचारणारा एक मास्तर होता आणि तो खिशात चुंबक घेऊनच आला होता. बाईमाणसाच्या खुब्याला चुंबक लावायला निघालेल्या त्या विद्वानाला मी दारातूनच परत पाठवलं.

गोष्ट एकोणीसशे साठनंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी चांदूर रेल्वेला सरकारी नर्स होते. आसपासची पाच गावं माझ्याकडे होती. गरोदर बाया तपासायच्या, बाळंतपणं करायची, पुढं दहा दिवस बाळ-बाळंतिणीकडे लक्ष ठेवायचं. पाचही गावं पायी. छप्पन साली घरच्यांसोबत मी बौद्ध झाले, त्याआधी नागपूरला नर्सिंग शिकले. लग्न केलं नाही. इतकी बाळंतपणं जवळून पाहिल्यावर त्या भानगडीत पडायची हौसच उरली नव्हती. वय अडतीस, अंगकाठी दणकट, तोंड त्याहून दणकट.

इतकी वर्षं चालले, चालताना कधी काही झालं नाही. पडले ती गाडीतून. तीन मैलांवरच्या एका गावच्या पाटलाची सून पहिल्या खेपेला अडली होती, म्हणून त्यांनी मला न्यायला रेंगी पाठवली. रेंगी म्हणजे दोन बैलांची छोटी, पळती गाडी. मला न्यायला गाडी आली ती आयुष्यातली पहिली वेळ. मी पिशवी मांडीवर घेऊन अशी ऐटीत बसले की काय सांगू! रेल्वेच्या फाटकापाशी इंजिनानं शिट्टी मारली, बैल बिथरले आणि मी ऐटीसकट गिट्टीवर. उजवा पाय हलेना. काय मोडलं ते मला तिथंच कळलं, आणि मी अशा काही शिव्या दिल्या की गाडीवान बैल सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

मी त्या घरी पोचले नाही. सुनेचं मूल मेलेलं जन्मलं. हे मला अमरावतीच्या दवाखान्यात कळलं, पायाला वजन बांधून पडलेली असताना. मी पोचले असते तर ते वाचलं असतं का, ठाऊक नाही. पण ते मूल माझ्या मनातून काही जाईना. पाय दुखायचा त्याचं मला काही वाटत नसे, हे दुखायचं.

अमरावतीला हाडात खिळा घातला. सहा महिन्यांनी कळलं की हाडाचं डोकंच आतल्या आत मेलंय. कुणाची चूक नव्हती, मोडल्यावर तिथं रक्त पोचत नाही. मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, मुंबईहून नव्यानं शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरनं ते मेलेलं डोकं काढून तिथं स्टीलचा गोळा बसवला. आमच्याकडे असं फार कुणाचं झालेलं नव्हतं, म्हणून शिकणारी पोरं रोज मला बघायला येत. मी त्यांना म्हणायची, बघा रे बाबांनो, पण आधी हात गरम करून या.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर टेकायचं नाही. आयुष्यभर. नेहमी खुर्चीवर बसायचं, नाहीतर गोळा खोबणीतून निसटेल."

मला हसूच फुटलं. तो गोंधळला.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "मी बाळंतपणं करते. आमच्याकडे बाया जमिनीवर बाळंत होतात. आणि मी ज्या घरांमध्ये जाते तिथं माझ्या जातीच्या माणसाला खुर्ची द्यायची पद्धत नाही. बौद्ध झालो तरी गावानं आम्हाला आहे तिथंच ठेवलंय. मला दाराशी गोणपाट टाकून देतात."

तो बिचारा लाल झाला. थोडा विचार केला, मग कागद ओढला आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहिली की या बाईंना खुर्चीवरच बसवावं. खाली सही, शिक्का. वऱ्हाडातले पाटील इंग्रजी चिठ्ठीला घाबरतात अशी त्याची समजूत असावी. मी चिठ्ठी घेतली. पोरगं मनाचं चांगलं होतं.

पहिले चार महिने मी अकोल्याला, जठारपेठेत भावाकडे होते. भाऊ रेल्वेत कारकून, आणि आमची माय त्याच्याकडेच असे. मायनं माझा खुबा ताब्यात घेतला. लोखंड म्हटल्यावर गंजणारच, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आंघोळीचं पाणी आत मुरेल म्हणून ती मला उजव्या बाजूला तांब्याच ओतू देईना. स्टील गंजत नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितलं. मग एक दिवस ती तेल चोळायला बसली. वास ओळखीचा वाटेना.

"माय, हे कोनतं तेल हाय वं?"

"टेलरजवळून आनलं. मशीनचं. त्याची मशीन पंधरा वर्सं झाली, अजून कुरकुर नाई करत."

मी शिकलेली नर्स, आणि माझ्या खुब्याला शिलाई मशीनचं तेल! मी ओरडले, ती चोळत राहिली. पुढं महिनाभर अंगाला टेलरच्या दुकानाचा वास येत होता. पण खरं सांगते, तिच्या त्या चोळण्यानं बरं वाटायचं. तेल कुठलंही असो, हात मायचे होते.

दुसरी फजिती खुर्चीची. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर सकाळचं काय करायचं? भावानं सुताराकडून जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं, खाली भांडं. दिवसा ती खुर्ची कोपऱ्यात टॉवेल झाकून ठेवायची. भावाच्या ऑफिसातला एक कारकून मला बघायला आला आणि घरातली एकुलती एक खुर्ची दिसल्यावर साहजिकच तिच्यावर बसला. टॉवेलसकट आत गेला. त्याला ओढून काढताना मी इतकी हसले की टाके उसवतील अशी भीती वाटली. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चालायला शिकले ते मायच्या लाचखोरीनं. सुरुवातीला दोन कुबड्या. घरापासून टेलरपर्यंत जायलाच मला घाम फुटे आणि मी दारातच रडत बसे, म्हणजे उभ्यानं रडे, कारण पटकन बसताही यायचं नाही. पाच गावं पायी करणारी बाई मी, आणि आता टेलरचं दुकान मला दुसरा तालुका वाटत होता. माय म्हणाली, रडून काय चक्की येनार हाये का? टेलरच्या पुढं पिठाची चक्की, तिच्यापुढं सायकलवाला आणि सगळ्यात पुढं, वळणावर, भज्यांचं हॉटेल. तिथवर गेलीस तर भजे, नाही गेलीस तर घरी भाकर आहेच, असा तिचा कायदा. माय माझ्यामागं दोन पावलं चालायची. धरायची नाही. पडलेच तर ओरडायला जवळ हवी म्हणून.

चक्कीपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. चक्कीवाला पिठानं पांढरा झालेला बाहेर येऊन रोज विचारे, "आज किती बाई?" जसं काही मीच दळायला आलेली. सायकलवाल्यानं सल्ला दिला की गोळ्याला ग्रीस लागतं, तेल नव्हे. त्यावर मायनं त्याच्याशी तिथंच वाद घातला. मी दोघांना सोडून पुढं निघाले आणि रागाच्या भरात थेट वळणावरच्या हॉटेलात पोचले. मागं वळून बघते तर एक कुबडी सायकलच्या दुकानातच राहिलेली. त्या दिवशी मी भजे खाल्ले नाहीत, हाणले. हॉटेलवाल्यानं उंच बाकडं दिलं, त्यावर बसून दोन प्लेटा.

कुबड्या गेल्या, काठी आली. पाय मात्र अर्ध्या बोटानं आखूड राहिला तो राहिलाच. मी लंगडत होते, आणि लंगडत राहणार होते. हे मला एकदा दुकानाच्या काचेत दिसलं. काचेत एक बाई वाकडी चालत येत होती, मला तिची कीव आली, आणि मग कळलं की ती मीच. दोन दिवस मी बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

दिवाळी झाल्यावर मी अमरावतीला आमच्या खात्याच्या साहेबांपुढं उभी राहिले. साहेब सभ्य होते. म्हणाले, "बाई, तुम्हाला इथं ऑफिसात घेतो. आवक-जावक लिहा. डॉक्टरांनी खुर्चीच सांगितलीय ना? इथं टेबल-खुर्ची मिळेल."

खुर्ची मिळत होती, आणि मला ती नको होती. मी म्हणाले, माझी गावं द्या. ते माझ्या काठीकडे बघत राहिले. शेवटी तीन महिने दिले. तीन महिन्यांत पाचही गावांचं रजिस्टर पूर्वीसारखं भरलं तर गावं माझी, नाहीतर आवक-जावक. निघताना मी विचारलं, की मी ज्या घरी पोचले नव्हते तिथली सून आता कशी आहे. रजिस्टर बघून ते म्हणाले, पुन्हा दिवस गेलेत, सातवा महिना. त्या क्षणी मला तीन महिन्यांचं वगैरे सगळं विसरायला झालं. या खेपेला मला तिथं पोचायचं होतं.

काळ्या जमिनीला त्या दिवसांत भेगा पडायला लागतात. काठीचं टोक भेगेत अडकलं की आपण पुढं आणि काठी मागं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांत जाऊन पडता पडता वाचले. मग भेगा चुकवत, बैलगाडीच्या चाकोरीतून चालायला शिकले. सकाळी निघायची, दर अर्ध्या मैलाला झाडाला टेकून उभी राहायची आणि शिव्या देऊन पुढं निघायची. झाडाला, पायाला, त्या बैलांना, कुणालाही.

चालणं जमलं. अडलं ते बसण्याशी. आमच्या बौद्ध वस्तीत तर कुणाकडेच खुर्ची नव्हती. पण त्या बाया हुशार. एकीनं सरकीचं पोतं उभं केलं, दुसरीनं उखळ पालथं घालून त्यावर गोधडी घातली, तिसरीनं चक्क शाळेतून मास्तरची खुर्ची उचलून आणली आणि मास्तर तासभर उभ्यानं शिकवत होता. एवढं करून वर चिडवायच्या, "आमची नर्सबाई आता साहेबीन झाली, खाली बसत नाई." वंदनेला सगळी वस्ती खाली बसे आणि मी एकटी मागं दाराशी उभी. सगळ्यांच्या डोक्यांवरून मला बुद्धाची तसबीर दिसे, पण मला त्यांच्यात बसायचं होतं. तिथं मला खुर्ची नको होती. नकोशी झाली होती.

आणि शेतकऱ्यांच्या घरी, जिथं हवी होती, तिथं मिळत नव्हती. अगदीच नाही असं नाही. काही सुना सासू दूर असली की गुपचूप स्टूल सरकवत. एका घरी मालकानं स्वतः खुर्ची दिली. मी निघाले, काठी विसरले म्हणून परत फिरले, तर त्याची बायको खुर्चीवर बादलीभर पाणी ओतत होती. "पाय बी घासा तिचे," मी म्हणाले, "माती लागली असन." ती बिचारी ओशाळली. पुढच्या वेळेपासून तिनं निदान मी वळणापलीकडे जाईपर्यंत थांबायला सुरुवात केली.

आता त्या पाटलाचं घर. पाटलाची आई, म्हणजे सुनेची आजेसासू, सत्तरीची. सगळं गाव तिला आजी म्हणे, मीही तोंडावर आजीच म्हणे आणि मनात बुढी. घरात हुकूम तिचा. पंधरा वर्षं मी त्या घरी जात होते आणि पंधरा वर्षं माझं गोणपाट ठरलेल्या जागी, आतल्या दाराच्या बाहेर. बाहेरच्या छपरीत एक मोठी, हातांची खुर्ची होती. तिच्यावर पाटील बसे, तलाठी बसे, एखादवेळी तहसीलदार. बायांपैकी कुणीच नाही. खुद्द बुढीही नाही.

मी गेले तशी तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "आली काय? मांगच्या खेपेले यायचं होतं तवा नाई आली."

मी चिठ्ठी काढली. कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या एका नातवानं ती वाचून दाखवली.

"डाक्टरच्या घरी खुर्च्या असन," बुढी म्हणाली. "आमच्या घरी एकच हाये, आन् थे माह्या पोराची हाये."

"मंग एखादं स्टूल द्या."

"मी खाली बसतो, माही नातसून खाली बसते, आन् तू आमच्या डोक्यावर बसशीन काय?"

यात तथ्य नव्हतं असं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "मंग मी उभीच राह्यतो," मी म्हणाले. (वऱ्हाडात बायाही 'मी येतो, मी राह्यतो' म्हणतात. पुण्याकडच्या कुणी हसू नये.)

"राह्य ना. कोन नाई म्हंते?"

आणि मी उभी राहिले. सून बाजेवर निजे, मी भिंतीला हात लावून जमेल तितकी वाकून तिच्या पोटाला नळी लावे, बाळाचे ठोके मोजे. सुनेच्या पायांवर सूज होती, म्हणून मी दर आठवड्याला जायला लागले. तपासणी दहा मिनिटांची, पण बुढी मुद्दाम लांबवायची. हिला खायला काय देऊ, पाणी किती देऊ, तुझी माय कशी आहे, भाऊ काय करतो. ती खाली बसून विचारे आणि वर बघे, मी टेकते का याची वाट बघत. मी टेकत नव्हते. पहिल्या खेपेला वीस मिनिटांत पाय लटलट कापायला लागला. महिनाभरानं मी तासभर उभी राहून तिच्याशी मोहाच्या फुलांवर गप्पा मारत होते. नागपूरला दाखवायला गेले तेव्हा तो डॉक्टर माझी मांडी दाबून बघत म्हणाला, स्नायू फारच छान झालेत, कुठला व्यायाम करता? मी म्हणाले, एका बुढीच्या घरी उभी राहते.

सून मात्र दर वेळी माझा हात धरून हळूच विचारायची, "बाई, या खेपेले तुमी येसान ना?" मी म्हणायची, येईन. आणि घरी परतताना तीन मैल मला भीती वाटत राहायची.

तिसरा महिना संपत आला होता. वेचणीचे दिवस. सगळं गाव कापूस वेचायला शेतात. मी शेजारच्या गावात, दीड मैलावर होते. भर दुपारी पाटलाच्या शेतावरची एक मजूर बाई धावत आली. "नर्सबाई, चाला! पाटलाच्या सुनेले कळा सुटल्या. घरी बुढीबिगर कोनी नाई."

रेंगी कापसाबरोबर बाजाराला गेलेली. असती तरी मी बसले नसते. मी निघाले. मजूर बाईनं माझी पिशवी घेतली आणि पुढं पळाली. मी काठी टाकत, चाकोरीतून, जितकं भराभर जाता येईल तितकं. खुब्यात कळ येत होती, ती मी मोजत नव्हते. डोक्यात एकच होतं की मागच्या वेळी याच बाईनं वाट बघितली आणि मी फाटकापाशी पडून होते. एका भेगेत काठी अडकली आणि कडकन मोडली. तिथं उभं राहून रडायला वेळ नव्हता. उरलेला अर्धा मैल मी काठीशिवाय चालले. चालता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आतल्या खोलीत सून जमिनीवर, गोधडीवर होती. बुढी तिच्या उशाशी. गावची दाई वेचणीला गेलेली. मी दारातूनच बघितलं आणि कळलं, डोकं दिसतंय, वेळ नाही. उभ्यानं माझे हात तिथवर पोचत नव्हते. मी दाराची चौकट धरली, डावा पाय पुढं घेतला आणि खाली जायला लागले.

"काय करून राह्यली वं?" बुढी ओरडली.

"खाली बसतो."

"डाक्टरनं नाई सांगतलं ना! पाय मोडन तुहा!"

"मोडू द्या."

मी हे शौर्य म्हणून बोलले नाही. दुसरं काही सुचतच नव्हतं. तेवढ्यात बुढी उठली आणि तिनं माझा दंड धरला. पंधरा वर्षांत त्या बाईनं मला बोट लावलं नव्हतं. एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. "उभी राह्य," म्हणाली आणि बाहेर गेली. छपरीतून काहीतरी जड फरफटत आणल्याचा आवाज आला. ती पाटलाची खुर्ची होती. सत्तरीच्या बाईनं एकटीनं ओढत बाळंतिणीच्या खोलीत आणली.

"बस," म्हणाली.

मग तिनं आणि त्या मजूर बाईनं सुनेला उचलून बाजेवर घेतलं, बाजेच्या पायांखाली विटा सारल्या. बाळंतपण जमिनीवर व्हायचं आणि बाज त्यानंतर, असा त्या घरचा रिवाज. बुढीनं तो एका दमात मोडला आणि वर सुनेवरच ओरडली, "बघते काय माह्याकडं, जोर लाव!" मी खुर्चीवर, बाजेची कड बरोबर माझ्या हातांशी. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. ते मी सोडवले. बाळ निळं, गप्प. मी त्याला घासलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ते रडलं. असं रडलं की बाहेरची कोंबडी पळाली.

"काय हाय?" बुढीनं विचारलं.

"पोरगी."

तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "जिती हाय ना? मंग झालं."

सगळं आवरल्यावर माझ्या लक्षात आलं की खुर्चीचं काय झालंय. रक्त, पाणी, सगळं. बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू विटाळलेली, ती पुन्हा छपरीत जाऊन तहसीलदारानं तिच्यावर बसणं शक्यच नव्हतं, आणि शिवाय तिच्यावर कोण बसलं होतं ते वेगळंच. बुढीनं खुर्ची मागच्या अंगणात ओढली, राखेनं घासली, तीन बादल्या पाणी ओतलं आणि उन्हात ठेवली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वाळली का ठेवतो जाग्यावर. पोराले बोलू नोको." मी नाही बोलले. त्यानंतर कितीतरी वर्षं तलाठी, सरपंच आणि साहेब त्या खुर्चीवर मिशीला ताव देत बसले, आणि मला दर वेळी हसू आवरायला तोंडावर पदर धरावा लागला.

पुढच्या महिन्यात साहेबांनी माझं रजिस्टर बघितलं आणि पाचही गावं माझ्याकडे ठेवली. ते एका ओळीत सांगून टाकते, कारण मला त्या दुपारचंच अजून थोडं सांगायचंय.

सून आणि पोरगी झोपल्या. मजूर बाई शेतात निरोप द्यायला गेली. खुर्ची अंगणात ठिबकत होती. बुढी आतल्या खोलीच्या दाराशी आपल्या चटईवर बसली, म्हणजे बसली कसली, कोसळलीच. मी दाराशी, भिंतीला टेकून. आमच्या दोघींच्याही अंगात काही उरलं नव्हतं.

तिनं चटईवर आपल्या शेजारी हात थापटला. "ये वं माय. बस माह्यापाशी."

चटई तिची, रोज निजायची. गोणपाट नव्हे, दाराबाहेर नव्हे. मी तिच्याशी तीन महिने खुर्चीसाठी भांडले, आणि त्या घडीला मला जगात दुसरं काहीही नको होतं, फक्त त्या चटईवर तिच्याशेजारी टेकायचं होतं.

"आजी," मी म्हणाले, "मले खाली बसता येत नाई."

"अवं बाप्पा, इसरलीच मी." तिनं अंगणाकडे बघितलं, खुर्ची ओली होती. मग एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा माझ्याकडे केला. "दे हात."

मी तिला ओढून उठवलं. ती माझ्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, खांद्याला खांदा. "मंग मीच उभी राह्यतो," म्हणाली.

आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, थांबेचना. तिनं मान वळवून बघितलं.

"आता काहून रडून राह्यली?"

"पाय दुखून राह्यला," मी म्हणाले. पाय अजिबात दुखत नव्हता.